एप्रिल, जून, ऑगस्ट... युरोपात महिने माणसांची नावं कशी झाली?

आपल्याकडे श्रावणी, कार्तिक, चैत्राली ही नावं सवयीची आहेत. युरोपातही एप्रिल, मे, जून नावाच्या बायका आणि ऑगस्ट नावाचे पुरुष भेटतात. गंमत अशी की तिथं दोन महिन्यांच्या बाबतीत उलटं घडलंय. आधी माणूस, मग महिना.

प्राचीन रोममध्ये जुलैला 'क्विंटिलिस' म्हणजे पाचवा म्हणायचे, कारण जुनी मोजणी मार्चपासून होती. इ.स.पू. ४४ मध्ये त्याला ज्युलियस सीझरचं नाव मिळालं. इ.स.पू. ८ मध्ये सहावा महिना 'सेक्स्टिलिस' सम्राट ऑगस्टसच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

पुढे लॅटिनमधून वेगवेगळ्या भाषा निघाल्या आणि महिना व नाव यांची ताटातूट झाली. फ्रेंचमध्ये ऑगस्ट महिना झिजून नुसता 'ऊत' उरलाय, काही जण तर 'ऊ' एवढंच म्हणतात. माणसाचं नाव मात्र अजून 'ओग्युस्त', शिल्पकार ओग्युस्त रोदँ यांच्यासारखं. इटालियनमध्ये जुलै 'लुल्यो', नाव 'जुल्यो'. स्पॅनिशमध्ये दोन्ही 'हुलिओ'च, त्यामुळे गायक हुलिओ इग्लेसियास यांचं नाव थेट कॅलेंडरवर सापडतं. जर्मन लोक ऑगस्ट दोन्हीकडे सारखंच लिहितात, पण महिना म्हणताना जोर शेवटी देतात आणि माणसाला हाक मारताना सुरुवातीला.

इंग्रजीतल्या एप्रिल आणि जून या मुली महिन्यांवरूनच आल्या. 'मे'चं तसं नाही. मेरी किंवा मार्गारेटचं लाडाचं नाव म्हणूनही ते वापरलं जायचं, त्यामुळे प्रत्येक मे मे महिन्यातली नसते.

सप्टेंबर ते डिसेंबर मागे पडले, कारण त्यांचे अर्थ सातवा, आठवा, नववा, दहावा. आकड्यावरून मुलाचं नाव कोण ठेवेल? खरं तर रोमन ठेवायचे: सेप्टिमस, डेसिमस.

फिनलंडनं लॅटिन नावं घेतलीच नाहीत. तिथं फेब्रुवारी म्हणजे 'हेल्मीकू', मोत्यांचा महिना. हेल्मी हे मुलीचं नावही आहे, पण ते मोत्यावरून, महिन्यावरून नाही.

फ्रान्समध्ये मात्र हा विषय कायद्यापर्यंत गेला. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी जुने महिनेच काढून टाकले आणि जर्मिनाल (अंकुरांचा), फ्लोरेआल (फुलांचा) असे नवे आणले. उत्साहात काहींनी मुलांची नावंही तीच ठेवली. मग १ एप्रिल १८०३ ला कायदा आला: नाव ठेवायचं तर प्रचलित कॅलेंडरांतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तीचंच. हा कायदा आजही ओळखला जातो तो त्याच क्रांतीच्या तारखेनं, '११ जर्मिनाल'. ते कॅलेंडर १८०६ च्या सुरुवातीला रद्द झालं, कायदा मात्र टिकला. १९६६ मध्ये तो थोडा सैल झाला आणि पालकांना मनासारखं नाव ठेवायची मोकळीक थेट १९९३ मध्ये मिळाली. आजही नाव मुलाच्या हिताचं नाही असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं, तर तो प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवू शकतो आणि न्यायालय ते नाव काढून टाकायला लावू शकतं.