दोन जिरेनियम, एक नाव

आज आपल्या परसबागेतल्या एका जुन्या घोटाळ्याची गोष्ट.

इंग्लंडमध्ये नवीन असताना मी लालभडक फुलांचं जिरेनियम आणून दाराशी ठेवलं. पहिल्याच फ्रॉस्टमध्ये ते काळं पडलं. पुढे शेजारच्या आजींनी निळ्या फुलांचं रोप दिलं. तेही जिरेनियमच! हिवाळ्यात त्याची पानं वाळली, तेव्हा हेही गेलं म्हणून मी ते उपटून फेकलं. आजी हळहळल्या. ते जिवंत होतं, जमिनीखाली झोपलं होतं.

या चुकीचं मूळ १७५३ सालातलं. लिनियसने दोन्ही झाडं 'जिरेनियम' या एकाच नावाखाली घातली. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी थंडी न सोसणारी, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतली झाडं वेगळी काढून त्यांना 'पेलार्गोनियम' म्हटलं. बाजाराने मात्र जुनं नाव सोडलं नाही. जिरेनियम हे नाव आलं ते त्याच्या क्रौंच पक्ष्याच्या चोचीसारख्या फळावरून. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंचच.

आता आपल्याकडचा धागा. हिमालयातल्या एका जिरेनियमला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांचं नाव मिळालं. त्याचा एक वाण वेल्समध्ये बक्स्टन यांच्या बागेतून पुढे आला. सॉमरसेटमधल्या वॉटरर दांपत्याच्या बागेत या वाणाचा दुसऱ्या हिमालयी जातीशी आपोआप संकर झाला. त्या रोपाला वॉटररबाईंचं नाव मिळालं, 'रोझॅन'. २००० साली ते बाजारात आलं आणि २०१३ मध्ये चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीला लोकांनी मतं देऊन त्याला शतकातलं सर्वोत्तम रोप ठरवलं. रोझॅनला बी धरत नाही, म्हणून ते जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. आज घरोघरी दिसणारं प्रत्येक रोझॅन हा त्या एकाच रोपाचा अंश आहे.

तेव्हा श्रोतेहो, लेबल नीट वाचा. पेलार्गोनियम हिवाळ्यात घरात घ्या. खरं जिरेनियम बाहेरच राहू द्या. वाळलेली पानं कापा, मुळाला हात लावू नका. एप्रिलपर्यंत धीर धरा.

आजींनी मला पुन्हा एक फुटवा दिला. यंदा त्याचं सातवं वर्ष. भेटू पुढच्या रविवारी!