रद्दीत गेलेला काळा पहाड

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्याच एका गुन्ह्यापासून करतो.

आठवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला, जठारपेठेतल्या आजीच्या घरी, माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत पातळ, पिवळी पडलेली, कोपरे कुरतडलेली पुस्तकं. मुखपृष्ठावर पिस्तूल, बुरखेवाला माणूस, किंचाळणारी बाई. घरात सगळे त्यांना 'फालतू पुस्तकं' म्हणायचे, म्हणून मीही तेच समजलो आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला घातला. त्या पैशात आम्हा पोट्ट्यांची कुल्फी आणि एक रबरी बॉल झाला.

विषय परत निघाला 2024 मध्ये. 'तुंबाड' थिएटरात पुन्हा लागला होता, त्याची चर्चा होती, म्हणून मी तो आजीला मोबाईलवर दाखवायला बसलो. खोलीत बांधून ठेवलेली ती भयंकर म्हातारी आली आणि आजी शांतपणे म्हणाली, "हे तं म्या वाचेल हाय."

मी म्हटलं, आजी, हा पिक्चर आहे, पुस्तक नाही.

"असू दे ना. अशीच म्हातारी होती त्या गोष्टीत. तुनंच तं इकली ना रद्दीत!"

मग मी शोधलं, तर आजीचं चुकलं नव्हतं. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये, आपल्याच विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात, एका मित्रानं नारायण धारपांची भयकथा सांगितली होती. त्या भीतीतून पुढं हा पिक्चर उभा राहिला. कथेचं नाव 'आजी'. आणि गंमत म्हणजे धारपांची ती कथाही मुळात स्टीफन किंगच्या 'ग्रामा'वरून घेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी मराठीत आली, नागझिऱ्याला गेली, मग पडद्यावर. आमच्या धंद्यात याला कोड फोर्क करणं म्हणतात. फरक एवढाच की आम्ही मूळ कोणाचं ते लिहून ठेवतो. निदान ठेवायला पाहिजे.

पण ही फोर्क करायची सवय फार जुनी आहे. त्यासाठी थोडं इंग्लंडात जाऊ.

1764 मध्ये होरेस वॉलपोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली आणि पडके किल्ले, भुयारं, शाप यांची लाट आली. हेच गॉथिक. 1794 मध्ये ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ युडोल्फो' आली, प्रकाशकानं तिला 500 पाउंड दिले. पण चार खंडांच्या त्या कादंबरीची किंमत सव्वा पाउंड, म्हणजे 25 शिलिंग. मोलकरीण, शिकाऊ कारागीर, शाळकरी पोरगा कुठून घेणार? त्यांच्यासाठी छापखानेवाल्यांनी निळ्या कागदी कव्हरची पुस्तकं काढली. कागदाचा एक ताव दुमडला की छोट्या आकाराची 24 पानं होतात. दीड ताव म्हणजे 36 पानं, सहा पेन्स. तीन ताव म्हणजे 72 पानं, एक शिलिंग. हिशोब करा, सहा पेन्सचं पुस्तक युडोल्फोच्या पन्नासाव्या हिश्श्यात! अर्थात आतला माल बराचसा उचललेला. 1796 ची 'द मंक' गाजली, तर तिच्यातलं रेमंड आणि ॲग्नेसचं उपकथानक तोडून कितीतरी निळी पुस्तकं निघाली. पुढं मोठा कवी झालेला शेली शाळेत असताना यांच्याच नादी लागला होता. पण लिहिणाऱ्यांचं काय? सारा विल्किन्सन नावाच्या बाईनं अशी शंभरेक पुस्तकं-पुस्तिका लिहिली. ती 1831 मध्ये गरिबांच्या आश्रमगृहात मेली.

ही भुतं हिंदुस्थानात आली ती बरीचशी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या मार्फत. याची 'द मिस्टरीज ऑफ लंडन' 1844 पासून आठवड्याला एक पेनी या भावानं सुट्या भागांत निघायची. लंडनच्या मोठ्या लोकांनी त्याला कधी जवळ केलं नाही, पण इकडं मात्र तो डिकन्सपेक्षा जास्त वाचला गेला. मराठीत गो. ना. दातारांनी त्याच्या कथानकांना धोतर-पगडी नेसवली, भुयारं आपल्या किल्ल्यांत खणली आणि 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' अशा कादंबऱ्यांनी आपल्या पणजोबांच्या पिढीची झोप उडवली. 1867 मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे झाली होती. वऱ्हाडचा कापूस त्या रुळांवरून मुंबईला आणि पुढं लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा. उलट दिशेनं मुंबई-पुण्याची पुस्तकं यायची.

आजीच्या पेटीत मात्र जास्त होते बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवायचे आणि रहस्यकथा लिहायचे, हजाराच्या वर. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड! काळा पहाडची कल्पना ब्रूस ग्रॅमच्या इंग्रजी 'ब्लॅकशर्ट'वरून आलेली, हे मला आत्ता कळलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग? मले का इंग्रजी येत होतं?"

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मूळ लेखकाचं नाव गाळणं मला आजही पटत नाही. पण आजीची शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर घरात वाचायला पोथी आणि पंचांग. गल्लीत एक भाड्याची लायब्ररी होती, एका पुस्तकाला दिवसाचे दहा पैसे. शेजारची पोरगी तिच्यासाठी पुस्तक आणायची, ते पिठाच्या डब्यामागं लपायचं आणि सासरे झोपले की कंदिलाखाली बाहेर यायचं. दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू नये म्हणून एका रात्रीत संपवायचं. "तवा कुठं माह्यं वाचणं टिकलं," ती म्हणते. पुढं ती लायब्ररी बंद झाली, तेव्हा मालकानं फाटकीतुटकी पुस्तकं विकायला काढली. त्यातली आजीनं भाजीच्या पैशातून घेतली. हीच ती पेटी.

इंग्लंडातली निळी पुस्तकंही अशीच वाचून वाचून फाटली, विस्तव पेटवायला गेली. थोडी उरली ती मायकेल सॅडलियरसारख्या वेड्या संग्राहकांमुळं. त्याचा संग्रह आज अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जपलेला आहे. त्याच जातीची पेटी मी किलोच्या भावात घातली.

गेले काही महिने सुट्टीला अमरावती-अकोल्याला आलो की जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालतो. आतापर्यंत एकच अर्नाळकर हाती लागला, तोही शेवटच्या पानांशिवाय. तर वऱ्हाडात कोणाच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मला कळवा. तो जो भाव देईल, त्याच्यावर किलोमागं दोन रुपये जास्त देईन.

आजी बाजूलाच बसली आहे. म्हणते, "दोन नोको, दहा दे."