बोरोकार्बाइड अतिसंवाहक : विशिष्ट उष्णता व चुंबकीय क्षेत्र

यिट्रियम किंवा विरल मृत्तिका गटातील धातू, निकेल, बोरॉन व कार्बन यांचे अणू अनुक्रमे १ : २ : २ : १ या प्रमाणात असलेल्या संयुगांचा गट. द्रव हीलियमाच्या मदतीने गाठता येणाऱ्या नीच तापमानास यांपैकी अनेक संयुगे अतिसंवाहक होतात, म्हणजे त्यांचा विद्युत् रोध नाहीसा होतो. या गटाचा शोध मुंबईत लागला व त्याच्या स्वरूपाविषयीचा वाद मुख्यतः विशिष्ट उष्णतेच्या मापनांभोवती फिरला.

कुलाबा येथील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत आर्. नागराजन, चंदन मजुमदार, एल्. सी. गुप्ता, आर्. विजयराघवन व त्यांचे सहकारी यिट्रियम-निकेल-बोरॉन यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास करीत होते. एका नमुन्यात सु. १२ केल्व्हिन (के.) तापमानास अतिसंवाहकतेचा अल्प अंश आढळला. निकेलासारख्या चुंबकीय धातूचे प्रमाण मोठे असताना असे घडणे अनपेक्षित होते. एवढा अल्प अंश मलद्रव्याचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु त्याचा पाठपुरावा केल्यावर तो नमुन्यातील अल्प कार्बनामुळे आहे, असे दिसून आले. हेतुपुरस्सर कार्बन मिसळताच नमुन्याचा मोठा भाग अतिसंवाहक झाला. हे संशोधन जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या आर्. जे. काव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १ : २ : २ : १ प्रमाणाची संयुगे आणि पॅलॅडियमयुक्त मिश्रधातूत २३ के. इतके क्रांतिक तापमान जाहीर केले. ल्युटेशियमाच्या संयुगाचे क्रांतिक तापमान सु. १६ के., तर यिट्रियमाच्या संयुगाचे सु. १५ के. आहे.

विद्युत् रोधाचे मापन अशा वेळी फसवे ठरू शकते. नमुन्यातून अतिसंवाहक द्रव्याची एखादी बारीक सलग वाट गेली, तरी रोध शून्य दिसतो. विशिष्ट उष्णता मात्र संपूर्ण द्रव्याची साक्ष देते. क्रांतिक तापमानास तिच्यात एकदम वाढ होते; डब्ल्यू. एच्. केसोम व जे. ए. कोक यांनी १९३२ मध्ये कथिलात ती दाखविली. त्या तापमानाखाली इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि जोडी फोडण्यास किमान ऊर्जा लागते. या ऊर्जेस ऊर्जा-अंतराल म्हणतात. तो सर्व दिशांना सारखा असल्यास तापमान उतरत जाताना इलेक्ट्रॉनांची विशिष्ट उष्णता घातांकी रीतीने नाहीशी होते.

चुंबकीय क्षेत्र लावल्यास ते या अतिसंवाहकांत सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. भोवऱ्याच्या गाभ्यात द्रव्य सामान्य धातूप्रमाणे वागते. भोवऱ्यांची संख्या क्षेत्राच्या सम प्रमाणात वाढत असल्याने विशिष्ट उष्णताही तशीच वाढावयास हवी. परंतु ऊर्जा-अंतराल काही दिशांना शून्य असल्यास गाभ्याबाहेर वाहणाऱ्या प्रवाहांमुळेही जोड्या सहज फुटतात. अशा वेळी विशिष्ट उष्णता क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे जी. ई. व्होलोव्हिक यांनी १९९३ मध्ये दाखविले. म्हणजे क्षेत्र चौपट केले, तर हा भाग दुप्पटच होतो. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात असा भाग असल्याचा पुरावा १९९४ मध्ये मिळाला.

बोरोकार्बाइडांतही वर्गमुळासारखीच वाढ आढळली, तेव्हा ती अरूढ स्वरूपाची अतिसंवाहक असावीत, असा तर्क पुढे आला. तथापि बोरॉनाचा समस्थानिक बदलल्यास क्रांतिक तापमान बदलते. यावरून जोड्या जुळण्यात स्फटिकाच्या कंपनांचा वाटा असल्याचे, म्हणजे रूढ यंत्रणेचे, सूचित होत होते. जपानमधील एम्. नोहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये निर्णायक प्रयोग केला. यिट्रियमाच्या संयुगातील एक पंचमांश निकेलाच्या जागी त्यांनी प्लॅटिनम घातले. अतिसंवाहकता टिकली, पण वर्गमुळाचा नियम जाऊन वाढ क्षेत्राच्या सम प्रमाणात होऊ लागली. सममितीमुळे अपरिहार्य असलेली शून्ये अशी पुसली गेली नसती. तेव्हा ऊर्जा-अंतराल मुळात रूढ प्रकारचा, पण दिशेनुसार अतिशय असमान आहे, हे मत बळावले. क्षेत्राची दिशा फिरवून २००३ मध्ये केलेल्या विशिष्ट उष्णतेच्या मापनांतही ही असमानता चौपदरी चढउताराच्या रूपाने दिसली.

वर्गमुळाचा नियम आढळला एवढ्यावरून अतिसंवाहक अरूढ ठरत नाही, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. मुंबईत अल्प कार्बनाने या गटाचे अस्तित्व उघड केले, तर पुढे प्लॅटिनमाच्या भेसळीने त्याचे स्वरूप स्पष्ट केले.