गळा तिचा, कमाई नवऱ्याची

आज एका गायिकेची हकीकत सांगते. नाव सिसिलिया यंग, जन्म १७१२ चा, गाव लंडन.

तिचे वडील चार्ल्स यंग हे लंडनच्या टॉवर किल्ल्याजवळच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ऑर्गन म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीचा थोरला भाऊच समजा. भिंतीएवढ्या उंच नळ्या, वाजवणारा पट्ट्यांवर बोटं फिरवतो आणि त्या काळी भाता हलवायला वेगळा माणूस लागायचा. अशा सुरांच्या घरात सिसिलिया, इझाबेला आणि एस्थर या बहिणी वाढल्या. तिघीही पुढे रंगमंचावर गायल्या.

तेव्हा लंडनमध्ये ऑपेराचं वेड होतं. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण त्यात बोलणंसुद्धा गाऊनच. मोठ्या भूमिका बहुतेक इटलीहून आलेल्या गायकांना मिळत. त्यांच्या पंक्तीत ही इंग्रज पोरगी जाऊन उभी राहिली. १७३५ साली हँडल या नावाजलेल्या संगीतकाराने आपल्या दोन नव्या ऑपेरांत तिला भूमिका दिल्या. त्या काळच्या इंग्रज गायिकांमध्ये तिच्या तोडीची दुसरी नव्हती, असं संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स बर्नी यांनी नोंदवून ठेवलंय.

१७३७ मध्ये तिने थॉमस आर्न या संगीतकाराशी लग्न केलं. तो कॅथलिक, ही प्रोटेस्टंट. वडिलांचा विरोध होता, तरी केलं. पुढे आर्न चाली बांधायचा आणि ही गायची. त्याच्या नावाला जो बहर आला, त्यात हिच्या गळ्याचा वाटा मोठा होता.

आता कायद्याचं ऐका. त्या काळी इंग्लंडात लग्न झालं की बाईची कमाई नवऱ्याची. रात्र रात्र गाऊन आणलेल्या पैशावर तिचा हक्क नाही. हा कायदा बदलायला १८७० साल उजाडावं लागलं, म्हणजे तोवर सिसिलियाला जाऊन ऐंशी वर्षं झाली होती.

१७५५ मध्ये दोघं आयर्लंडला, डब्लिनला गेली. बरोबर आर्नची तरुण शिष्या शार्लट ब्रेंट होती. तिच्यावर आर्नचा जीव जडला होता. सिसिलियाची तब्येत बरी नसायची, गाण्याचे कार्यक्रम चुकायचे. बायकोचा स्वभावच वाईट, असं आर्न सांगत राहिला. (असं सांगणारे आपल्यालाही ठाऊक आहेत.) पुढच्या वर्षी तो शार्लटला घेऊन लंडनला परतला. सिसिलिया मागे राहिली, जवळ लहानगी भाची पॉली. ठरलं काय, तर वर्षाला चाळीस पौंड. पोटगीच म्हणा ना.

मेरी डिलेनी नावाच्या एका बाईंना ती १७५८ साली आयर्लंडमध्येच भेटली, एका घरी मुलीला गाणं शिकवताना. नवऱ्याने तिचे फार हाल केलेले दिसतात, असं त्यांनी पत्रात लिहिलं. एके काळी हँडलच्या ऑपेरात गाणारी बाई आता शिकवण्या करत होती. पण मला वाटतं, रंगमंच सुटला तरी विद्या कामाला आली.

पोटगी थकली तेव्हा ती गप्प बसली नाही. १७७० मध्ये तिने वकिलामार्फत पैसे मागितले. आर्नने हात वर केले, आपल्याकडेच पैसे नाहीत म्हणाला.

१७७७ मध्ये, वीस वर्षांनी, दोघं पुन्हा एकत्र आली. तिने कसं माफ केलं असेल, की माफ केलंच नसेल, आपण कोण सांगणार? पुढच्याच मार्चमध्ये आर्न वारला. सिसिलिया त्यानंतर अकरा वर्षं जगली.

डब्लिनमध्ये तिच्याजवळ राहिलेली ती पॉलीही मोठी गायिका झाली. पॉलीच्या मुलीचं नाव सिसिलिया मारिया. ती गायची, वाजवायची, आणि स्वतः संगीतही रचायची. तिने रचलेलं संगीत तिच्याच नावाने छापलं गेलं.