एकशे दोन ठोकळे

यंत्राचा एखादा भाग झिजला म्हणजे तसाच दुसरा भाग आणावा आणि कानस न लावता तो जागच्या जागी बसावा, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु हे केवळ कारागिराच्या हस्तकौशल्याचे फळ नव्हे. आराखडा करणारा अभियंता कागदावर माप लिहितो आणि त्या मापात किती उणे-अधिक चालेल, तेही लिहितो. ही मर्यादा पाळली गेली की नाही, हे ठरविणारे माप सर्वांचे एकच असेल, तरच त्या लिहिण्याला अर्थ. असे माप कारखान्यांच्या हाती देणारा पुरुष म्हणजे स्वीडनचा कार्ल एडवर्ड जोहान्सन.

१८६४ मध्ये जन्मलेला जोहान्सन एस्किल्स्टूना येथील सरकारी शस्त्रशाळेत तपासनीस होता. स्वीडनने माउझर पद्धतीची बंदूक स्वीकारल्यावर जर्मनीतील ओबर्नडॉर्फचा कारखाना पाहण्याचा योग त्याला आला. तेथे प्रत्येक मापासाठी स्वतंत्र मापक असे. मापे शेकडो, म्हणून मापकेही शेकडो! हा पसारा मायदेशी उभारण्याऐवजी थोड्या मापांच्या बेरजेतून सारी मापे का साधू नयेत, असा विचार त्याच्या मनात आला.

१८९६ मध्ये त्याने ही योजना आखली. ठोकळे अवघे १०२. १.०१ पासून १.४९ मिलिमीटरपर्यंत शतांशाच्या पायरीने ४९. अर्ध्यापासून साडेचोवीस मिलिमीटरपर्यंत अर्ध्याच्या पायरीने ४९. आणि २५, ५०, ७५ व १०० मिलिमीटरचे चार. ३७.२८ हे माप हवे असल्यास २५, ११ आणि १.२८ हे तीन ठोकळे जोडावेत. अशी सुमारे २०,००० मापे त्यांतून निघतात.

मात्र बेरजेत मापांबरोबर चुकाही मिळविल्या जातात. म्हणून प्रत्येक ठोकळा मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म अचूकतेचा हवा होता. जोहान्सनने घरातील शिवणयंत्रात फेरफार करून त्यावर हे पोलाद घासले. त्याचे पृष्ठभाग इतके सपाट उतरले की, एकावर एक सरकवून दाबताच ठोकळे परस्परांना घट्ट चिकटत.

दुसरा शत्रू उष्णता. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा एका अंशाने तापला तरी सहस्रांश मिलिमीटरहून किंचित अधिक वाढतो. हाताची ऊबही त्याला पुरते. म्हणून माप कोणत्या तापमानाचे, हे सांगणे अवश्य ठरले. जोहान्सनने स्वीकारलेले २० अंश सेल्सिअस पुढे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. ब्रिटनचा इंच व अमेरिकेचा इंच यांत त्या काळी किंचित फरक होता. त्याने दोहोंच्या मधला, बरोबर २५.४ मिलिमीटरचा इंच धरला. इंग्रजी भाषी राष्ट्रांनी १९५९ मध्ये तोच मान्य केला.

१९२३ मध्ये जोहान्सन अमेरिकेतील फोर्ड कंपनीत गेला आणि १९४३ मध्ये निवर्तला. आज प्रयोगशाळेत लांबी प्रकाशाच्या लहरींनी मोजतात. पण ते माप यंत्रशाळेपर्यंत पोचविण्याचे काम अद्याप हेच ठोकळे करतात. आपल्याकडील कामगार त्यांना ‘स्लिप गेज’ म्हणून ओळखतो. एका गावी कातलेला दांडा आणि दूर देशी कोरलेले छिद्र प्रथम भेटीतच एकमेकांत बसतात, कारण त्यांच्या मागे एकाच मापाची साक्ष असते.