यजमान वस्त्यांचा पाणीपुरवठा (जॉर्डन)
विस्थापितांना आश्रय देणाऱ्या गावा-शहरांना पिण्याचे शुद्ध पाणी पुरवण्याची व्यवस्था. २०११ नंतर जॉर्डनमध्ये आलेल्या सिरियन निर्वासितांपैकी सुमारे ८० टक्के छावण्यांबाहेर, मफ्रक, इर्बिद, अम्मान अशा शहरांत राहिले. २०१२ मध्ये उघडलेली झातरी छावणी जगाच्या नजरेत भरली. पण खरा ताण शहरांच्या जुन्या नळांवर पडला. नूतनीकरणक्षम पाणी दरडोई वार्षिक ५०० घनमीटरांखाली गेले, की तीव्र टंचाई मानतात. जॉर्डनमध्ये ते १०० घनमीटरांहूनही कमी आहे. अनेक घरांत पाणी आठवड्यातून एक-दोनदाच येते, ते गच्चीवरच्या टाकीत साठवायचे आणि संपले की टँकर विकत घ्यायचा. हा भुर्दंड गरीब यजमान व गरीब निर्वासित दोघांनाही सारखाच बसतो. म्हणूनच मदतीचा मोठा वाटा शहरांच्या जलवाहिन्यांवर खर्च होणे न्याय्य आहे.

आधी छावणीतले जीव वाचवा, हा आक्षेप पहिल्या काही महिन्यांपुरता निर्विवाद खरा. पण विस्थापन वर्षानुवर्षे टिकते. टँकरवरचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो, दुरुस्त वाहिनी मात्र दीर्घकाळ उपयोगी पडते. जास्त पुरवठा म्हणजे भूजलाचा जास्त उपसा, ही भीती अधिक गंभीर आहे. २०१३ पासून दक्षिणेतील दिसी भूजलसाठ्याचे जे पाणी अम्मानला येते, ते प्राचीन असून जवळजवळ पुन्हा भरत नाही. तथापि देशातील जवळपास निम्मे पाणी गळती, चोरी व सदोष मोजणीत हरवते. गळती थांबवली, तर नवी विहीर न खणताही पुरवठा वाढतो.