टोचन, तीन दांडे आणि युद्धातली जीप

गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जीप बऱ्याच गावांत दिसते. कुणाला ती पुन्हा चालू करायची असते, पण ट्रेलर मिळत नाही. मग ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन. इंजिन बंद आहे, गियर न्यूट्रल आहे, आता काय बिघडणार, असं वाटतं. बिघडतं, आणि का ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने 135 कंपन्यांकडे हलकी फोर-व्हील गाडी मागितली. नमुन्याला मुदत 49 दिवस! बँटम नावाच्या लहान कंपनीने तो 23 सप्टेंबरला होलाबर्डच्या तळावर पोचवला. कंपनीची ताकद कमी पडली, म्हणून मोठं काम विलिस आणि फोर्डकडे गेलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनल्या. बँटमवर अन्यायच झाला म्हणायचा.

जीपचं वजन अकराशे किलोच्या आसपास, ताकद 60 हॉर्सपॉवर, ओढायची क्षमता कागदावर 1,000 पौंड, म्हणजे साडेचारशे किलो. पण 155 मिलिमीटरची हॉवित्झर तोफ साडेपाच टनांची. ती थोडं अंतर हलवायची तर दोन जीपा एकामागे एक जोडत. जड नांगराला आपण पुढे जादा बैलजोडी लावतो ना, तसंच. मागच्या जीपच्या पुढच्या बंपरला लोखंडी त्रिकोणी दांडा बसवायचा आणि त्याची कडी पुढच्या जीपच्या हुकात अडकवायची.

बंद जीप ट्रेलरशिवाय न्यायलाही असाच दांडा लागतो. दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. उतारावर मागची गाडी सरळ ट्रॅक्टरवर येते, आणि वर्षानुवर्षं उभ्या जीपच्या ब्रेकवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दांड्याला पुढची चाकं आपोआप मागे वळतात. फक्त किंगपिन ढिले असले तर स्टिअरिंग थडथडतं, ते आधी बघायचं. दांडा लावून रिव्हर्स मात्र घ्यायचा नाही.

आता तीन दांडे. एक गियरचा, एक पुढच्या ॲक्सलचा, एक हाय-लोचा. नुसता गियर न्यूट्रल केला तर चाकं फिरतात तसा गियरबॉक्सचा मागचा शाफ्टही फिरतो, पण तेल उडवणारा खालचा गियरसंच थांबलेला असतो. बेअरिंग कोरडं पडून जळतं. म्हणून हाय-लोचा दांडाही न्यूट्रलला हवा, म्हणजे गियरबॉक्स पूर्ण थांबतो. पुढच्या ॲक्सलचा दांडा टू-व्हीलवर. युद्धातल्या जीपला पुढे सुटणारे हब नव्हते, त्यामुळे पुढचा शाफ्ट तरीही फिरतोच. लांब जायचं असेल तर यू-बोल्ट काढून दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवलेले बरे.

हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. ओढलेला राहिला तर पट्टा जळतो. शाफ्ट काढला तर तो गाडी धरतच नाही, मग चाकामागे दगड लावल्याशिवाय दांडा सोडू नका.

लाइटचंही तसंच. युद्धातली जीप 6 व्होल्टची. ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टची वायर तिच्या टेललाइटला दिली तर बल्ब उडतो. मागे वेगळा लाइट बांधा.

1945 मध्ये विलिसने सीजे-2ए ही नागरी जीप शेतकऱ्यांसमोर ठेवली, हवा असल्यास पीटीओसकट. पुढे आपल्याकडे महिंद्राने विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या. त्यामुळे गोठ्यामागची जीप महिंद्राची असली तरी घराणं तेच. फक्त व्होल्टेज आणि हब आपल्या गाडीचे तपासून घ्या.

निघताना ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलचं तेल बघा. वेग ट्रॉली भरलेली असताना ठेवता तेवढाच. चार-पाच किलोमीटरवर थांबून ट्रान्सफर केस आणि चाकांच्या ड्रमना हात लावा. हात टेकवत नसेल तर गाडी तिथेच कडेला घ्या.